अरंगेत्रम नेमके कोणाचे?

नंदुरबारमधली आपल्या समाजातली एक मुलगी भरतनाट्यम शिकते आहे. तिच्या अरंगेत्रमचा विषय निघाला तेव्हा एका कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, "ही बामणांची कला. आपल्या पोरींनी त्यात कशाला पडायचे?" प्रश्नामागची चीड आम्हाला समजते. पण त्यातले पहिले वाक्यच इतिहासाला धरून नाही.

तमिळमध्ये 'अरंगु' म्हणजे रंगमंच आणि 'एट्रम' म्हणजे चढणे. शिष्येने पहिल्यांदा एकटीने रंगमंचावर चढणे म्हणजे अरंगेत्रम. पूर्वी हा विधी देवदासी घराण्यातल्या मुलींचा होता. त्यांना शिकवणारे नट्टुवनार पुढे इसै वेळ्ळाळर या जातीत गणले गेले. या नाचाला तेव्हा 'सदिर' म्हणत. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा आजचा क्रम बसवला तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार नट्टुवनार भावांनी. त्यांना आश्रय होता तंजावरच्या मराठा दरबाराचा. सरफोजी दुसरे (१७९८-१८३२) यांच्या काळात तर तिथे नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या. म्हणजे ही कला महाराष्ट्राला परकी नाही आणि तिचे निर्माते ब्राह्मणही नाहीत.

मग ती ब्राह्मणांची झाली कशी? ३० डिसेंबर १९३५ रोजी अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पहिला जाहीर प्रयोग केला. १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभे राहिले. सदिरचे 'भरतनाट्यम' झाले. शृंगार 'शुद्ध' करण्यात आला. याला देवदासी परंपरेतल्या बालासरस्वतींनी ठाम विरोध केला. त्यांचे स्वतःचे अरंगेत्रम १९२५ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, कांचीपुरमला झाले होते. थोडक्यात, जिच्या पायात चाळ होते ती 'बदनाम' ठरली आणि तिचे चाळ बांधणारी 'संस्कृतीरक्षक' ठरली.

म्हणून देवदासी प्रथेचे गोडवे गायचे का? मुळीच नाही. तिच्याविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी लढल्या. देवदासी म्हणून जगलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार पेरियारांच्या चळवळीतून लढल्या. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि मद्रास प्रांतात १९४७ मध्ये कायदा झाला. खुद्द बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी भगिनींना ते लाजिरवाणे जिणे सोडायला सांगितले. प्रथा मोडायलाच हवी होती. आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रथेबरोबर त्या बायकांची रोजीरोटी गेली. कला मात्र उरली, आणि ती वरच्या जातींच्या घरी गेली.

आज अरंगेत्रम म्हटले की सभागृह, वादक, पोशाख, गुरुदक्षिणा आणि भोजन आले. खर्च अनेकदा लाखांत जातो. जातीचे दार किलकिले झाले, तर पैशाचे दार आडवे येते. इकडे आपल्या सातपुड्यात, काठीच्या होळीत बुध्या, बावा, मोरखी रात्रभर ढोलावर नाचतात. त्यांना प्रमाणपत्र लागत नाही, तिकीट लागत नाही. पण त्या नाचाला 'लोककला' म्हणायचे आणि याला 'शास्त्रीय', ही उतरंड कोणी लावली? पायांनी तर लावलेली नाही.

तेव्हा त्या मुलीला आमचे सांगणे एवढेच. जरूर नाच. कर्ज काढून मिरवू नकोस. साधा मंच, चार वादक पुरे. गुरूकडून ताल शीक, पण चिन्नय्या-पोन्नय्यांची जात आणि बालासरस्वतींचा विरोधही शीक. आणि मंचावरून निवेदन करताना "ही ऋषिमुनींची देणगी" असे म्हणू नकोस. ज्या बायकांकडून ही कला आली, त्यांचे नाव घे.

जय भीम!