देवळालीच्या मास्तरांचा शोधनिबंध

काळाचौकीच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. रोज फळा भरायचा आणि तास संपला की पुसायचा. त्या फळ्यावरचं आज काहीच शिल्लक नाही, म्हणून मला कापरेकर मास्तरांचं फार नवल वाटतं. त्यांचंही आयुष्य शाळेतच गेलं, पण फळ्याजोगी एक गोष्ट त्यांनी नीट कागदावर उतरवली आणि ती न्यूयॉर्कला छापून आली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसनमधे शिकले, १९२९ला पदवीधर झाले. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर! आपल्या डोंबिवलीशीही त्यांचं नातं आहे बरं का. त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी काही संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. त्यांवरचा त्यांचा लेख १९३८ साली एका भारतीय गणित नियतकालिकात आला होता.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध ६१७४चा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच केलं की ८३५२ आणि मग ६१७४. तिथून पुढे कितीही करा, ६१७४च! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी त्याच स्टेशनात येऊन थांबते.

वर्गात हे दाखवणं सोपं आहे. एखादा पोरगा विचारतो, "बाई, ११११ घेतलं तर?" तर शून्य येतं. मग आपण म्हणतो, चारही अंक सारखे नकोत. दुसरा विचारतो, "मधेच ९९९ आलं तर?" आपण सांगतो, पुढे शून्य लाव, ०९९९ धर. वर्गात चुकलं-राहिलं तिथल्या तिथे निस्तरता येतं.

लेखाचं तसं नाही. तो एकदा टपालात पडला की संपादकाच्या टेबलापाशी आपण नसतो. त्यामुळे त्या पोरांचे सगळे प्रश्न आधीच स्वतःला विचारून अटी स्पष्ट लिहाव्या लागतात. माझी नात सध्या तिचा निबंध पाठवायच्या तयारीत आहे. आता सगळं संगणकावरून जातं, पण तिचा निम्मा वेळ याच कामात जातो. "आजी, नेमकं किती सिद्ध झालंय तेवढंच लिहायचं," असं ती म्हणते. मला वाटतं, शोधनिबंधाची खरी तयारी हीच. टंकलेखन, समास वगैरे नंतरचं.

'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' हे न्यूयॉर्कच्या यशिवा विद्यापीठाचं नियतकालिक. त्यात १९४९ला दोन पानांत मास्तरांचा हा खेळ आला आणि १९५५ला ६१७४वर पुन्हा एक छोटं टिपण आलं. मोठ्या गणितज्ञांच्या नजरेत हे सगळं करमणुकीतलं होतं. पुष्कळसं काम तर मास्तरांनी स्वतःच पुस्तिका काढून छापलं. १९७५च्या मार्चमधे मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव जगभर झालं. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ला ते गेले.

मी इतिहासाची शिक्षिका, म्हणून मला ते १९४९ महत्त्वाचं वाटतं. नुसतं "आमच्या मास्तरांना हे आधीच ठाऊक होतं" म्हणून इतिहासात भागत नाही. छापील पान लागतं, त्यावर साल लागतं. त्या दोन पानांमुळे देवळालीच्या शाळामास्तराचा हक्क कुणाला नाकारता येत नाही. आज जग त्या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतं.

आपल्या शाळांमधून असे किती मास्तर आणि बाई होऊन गेल्या असतील, ज्यांचं फळ्यावरच राहिलं! तुमच्या घरात कुणा निवृत्त शिक्षकाची वही माळ्यावर पडली असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.