वत्सगुल्माचा अस्त आणि ‘विश्रुतचरिता’तील राजकुटुंब : एक ऐतिहासिक विचार

वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, याविषयी आता दुमत उरलेले नाही. १९३९ मध्ये वाशीम येथेच सापडलेल्या विंध्यशक्ती द्वितीय याच्या ताम्रपटाने या शाखेचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध केले. हा ताम्रपट राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेला असून त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शके ३८० (इ.स. ४५८-५९) चा शिलालेख राजा देवसेनाच्या काळातील असून त्यात ‘सुदर्शन’ नावाच्या तलावाची नोंद आहे. देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या कारकिर्दीत ही शाखा वैभवाच्या शिखरावर पोहोचली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात त्याच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या देशांची नावे येतात.

यानंतर मात्र लेख थांबतात. हरिषेणाच्या उत्तराधिकाऱ्याचा एकही ताम्रपट वा शिलालेख उपलब्ध नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी एका कथेचा आधार घेतला. ती म्हणजे दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील आठव्या उच्छ्वासात येणारे ‘विश्रुतचरित’. त्यातील विदर्भराज पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि त्याचा दुर्वर्तनी पुत्र अनंतवर्मा म्हणजे हरिषेणाचा वारस, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या लेण्यांचा कालक्रम लावताना याच कथेचा मोठा उपयोग करून घेतला.

मिराशींनी हे अनुमान म्हणून मांडले होते. विदर्भाच्या इतिहासावरील पुढील लेखनात मात्र ते अनेकदा सिद्ध वस्तुस्थिती म्हणून अवतरते. दंडी हा सातव्या शतकाच्या अखेरीस वा आठव्याच्या आरंभी कांचीच्या पल्लवांच्या आश्रयास असलेला लेखक होय. वत्सगुल्माच्या अस्तानंतर सुमारे दोनशे वर्षांनी त्याने ही कथा लिहिली. तिच्यात ‘वाकाटक’ हा शब्द कोठेही नाही. राजघराणे ‘भोज’ म्हटले आहे, आणि विदर्भाच्या राजांसाठी ते नाव काव्यात आधीपासूनच रूढ होते. राजांची नावेही लेखांशी जुळत नाहीत. तेव्हा युद्धाची हकीकत म्हणून या कथेवर किती भार टाकावा, याला मर्यादा आहे. परंतु म्हणून ती टाकून देणे हीदेखील चूक ठरेल. राज्य गेल्यावर राजाचे कुटुंब कसे जगते, त्याच्यापाशी कोण उरते आणि कोण उलटते, हा या कथेचा खरा विषय आहे. आणि त्याची पडताळणी वाकाटककालीन लेखांशी करता येते.

कथेची सुरुवात विंध्यातील एका विहिरीपाशी होते. भुकेने व तहानेने व्याकूळ झालेला सुमारे आठ वर्षांचा एक मुलगा विश्रुताला तेथे दिसतो. त्याच्यासोबतचा एकुलता एक म्हातारा त्याच्यासाठी पाणी काढताना विहिरीत पडला आहे. विश्रुत वेलीच्या साहाय्याने म्हाताऱ्याला वर काढतो, बांबूच्या नळीने पाणी उपसतो, दगड मारून उंच झाडावरची चार-सहा फळे पाडतो आणि त्या दोघांना खाऊ घालतो. हा मुलगा म्हणजे विदर्भाचा राजपुत्र भास्करवर्मा, आणि म्हातारा म्हणजे त्याच्या घरचा जुना सेवक नालीजंघ. सारी पूर्वकथा या नालीजंघाच्या तोंडून येते. राज्याच्या नाशाची हकीकत दंडीने मंत्र्याला वा भाटाला न सांगू देता नोकराला सांगू दिली, ही बाब अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही.

अनंतवर्मा सर्व कलांत निपुण, पण दंडनीतीविषयी उदासीन. वडिलांच्या वेळचा मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात समजावतो. राजा तोच उपदेश अंतःपुरात जाऊन सांगतो आणि विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्याची यथेच्छ टर उडवतो. कौटिल्याने राजासाठी आखलेल्या दिनचर्येवरील त्याचे विडंबन आजही वाचकाला हसवते. पुढे अश्मकराज वसंतभानूच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित बापाने हाकलून दिल्याचे सोंग करून दरबारात शिरतो आणि मृगया, द्यूत, मद्य यांचे गुण गाऊ लागतो. शेवटी मांडलिकच उलटतात, अनंतवर्मा मारला जातो आणि राज्य अश्मकाच्या घशात जाते.

येथे अजिंठ्याचा सोळाव्या लेण्यातील लेख शेजारी ठेवून पाहावा. हरिषेणाचा पिता देवसेन याने राज्यकारभार मंत्री हस्तिभोजावर सोपवला आणि स्वतः निश्चिंतपणे सुखोपभोगात रमला, असे त्यात म्हटले आहे. आणि ते निंदेने म्हटलेले नाही. लेख कोरविणारा वराहदेव हा त्याच हस्तिभोजाचा मुलगा होता, हे विसरता कामा नये. राजा विलासात रमणे ही मंत्र्याच्या कुळाला भूषणावह वाटलेली गोष्ट होती. दंडीने तेच वर्तन विनाशाचे कारण म्हणून रंगवले. फरक इतकाच की देवसेनाजवळ हस्तिभोज होता आणि अनंतवर्म्याने आपल्या वसुरक्षिताला दूर सारले होते.

या वसुरक्षिताचे चित्रण कथेत सर्वांत अस्सल उतरले आहे. आपण राजाला नकोसे झालो आहोत, हे तो जाणतो. राजाच्या नजरेतील, बोलण्यातील बदलही तो टिपतो. तरीही राजा उद्धट झाला म्हणून बापजाद्यांपासून चाकरी करणाऱ्यांनी त्याला सोडू नये, असे तो स्वतःला बजावतो. अशी पिढीजात मंत्रिकुळे ही कवीची कल्पना नव्हे. घटोत्कच लेण्यातील लेखात वराहदेवाच्या पूर्वजांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. राज्य बुडाल्यावर वसुरक्षित राणी वसुंधरा, तेरा वर्षांची मुलगी मंजुवादिनी आणि लहानगा भास्करवर्मा यांना घेऊन निसटतो; पण वाटेतच दाहज्वराने मरतो. निष्ठेचे फळ वगैरे दाखवण्याच्या भानगडीत दंडी पडत नाही.

राणीला तिच्या सावत्र दिराकडे, माहिष्मतीच्या मित्रवर्म्याकडे, पोहोचवले जाते. कुटुंबातील खरा संघर्ष येथे उभा राहतो. शत्रूने राज्य घेतले, पण मुलाच्या जिवावर उठला तो घरचाच माणूस. मित्रवर्मा विधवा भावजयीची अभिलाषा धरतो. ती झिडकारते, तेव्हा ही आपल्या मुलाला राज्यावर बसवू पाहते, असे मनात धरून तो पुतण्याचा काटा काढण्याचे ठरवतो. वसुंधरा मुलाला नालीजंघाच्या हाती देते : याला घेऊन कोठेही जा, वाचलेच तर मीही मागून येईन, खुशाली तेवढी कळव. पायी चालून मुलगा थकतो म्हणून नालीजंघ काही दिवस एका गवळीवाड्यात थांबतो आणि राजाच्या माणसांच्या भीतीने पुन्हा रानात शिरतो. तेथून विहीर.

या प्रसंगाला वाकाटकांच्या इतिहासात एक आधार आहे. अजिंठ्याच्या त्याच लेखानुसार देवसेनाच्या पित्याला, ज्याचे नाव लेखात नष्ट झाले आहे, वयाच्या आठव्या वर्षी राज्य मिळाले आणि त्याने ते उत्तम चालवले. आठ वर्षांचा मुलगा गादीवर असताना कारभार कोणी पाहिला, काकांनी काय केले, आई होती की नव्हती, याविषयी लेखात अवाक्षर नाही. भास्करवर्म्याचे वयही आठच असावे, हा योगायोग असू शकतो. त्यावरून दोघांना एक मानणे म्हणजे पुन्हा तोच मोह. मात्र अल्पवयीन वारसाच्या घरात काय घडू शकते, याचे उपलब्ध चित्र दंडीच्या कथेतच आहे.

वाकाटकांच्या दुसऱ्या, म्हणजे नंदिवर्धन शाखेत, अशा आईचे नाव आपल्याला ठाऊक आहे. रुद्रसेन द्वितीय याच्या मृत्यूनंतर प्रभावतीगुप्ता हिने युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून राज्य सांभाळले. तिच्या पुणे ताम्रपटात वाकाटकांची वंशावळ नसून गुप्तांची, म्हणजे माहेरची, आहे. गोत्रही तिने माहेरचे, धारण, असेच सांगितले आहे. सासरचे राज्य राखताना विधवेला माहेराचे बळ किती लागत असेल, हे यावरून उमगते. दंडीने नेमके हेच हेरले आहे. वसुंधरा कोसलराजाची मुलगी. माहिष्मतीत तिच्या बाजूने उभा राहू शकेल असा मंत्री आर्यकेतू हाही मूळचा कोसलाचाच. विश्रुतसुद्धा मदतीला उभा राहतो तो मुलाच्या आईच्या आजोळकडून नाते निघाल्यावर. बापाकडचे नातलग जिवावर उठतात आणि आईकडचे धावून येतात, अशी ही रचना आहे.

वसुंधरेचा बदला येथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. विषात भिजवलेल्या माळेने ती मित्रवर्म्याला मारते, तीच माळ विषहारक पाण्याने धुऊन मुलीच्या गळ्यात घालते आणि हे पातिव्रत्याचे सामर्थ्य म्हणून प्रजेसमोर येते. हा भाग अद्भुतकथेचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातून काही काढू नये.

शोक आणि निष्ठा यांच्या नोंदी दगडावर मुळीच नाहीत, असे मात्र नाही. अजिंठ्याचे सतरावे लेणे हरिषेणाच्या काळात एका मांडलिक राजाने खोदविले. त्याचे स्वतःचे नाव लेखात उरलेले नाही, पण धाकट्या भावाचे, रविसांबाचे, नाव उरले आहे. हा भाऊ अकाली गेला आणि त्या दुःखातून संसाराची अनित्यता जाणवून थोरल्याने हे पुण्यकर्म केले, असे लेख सांगतो. मित्रवर्म्याच्या शेजारी या थोरल्या भावालाही ठेवले पाहिजे.

अश्मकांचा उल्लेखही कथेबाहेर सापडतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील लेखात अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याचे नाव येते. अश्मक आणि वाकाटक यांचे संबंध नेमके कसे बिघडले, हे त्या लेखावरून ठरत नाही. दंडीची कथाही येथे साथ देत नाही, कारण ‘दशकुमारचरिता’ची मूळ संहिता याच उच्छ्वासात तुटते. भास्करवर्मा माहिष्मतीत गादीवर बसतो, विश्रुत मंजुवादिनीशी विवाह करतो आणि अश्मकाकडून विदर्भ परत घेण्याची तयारी सुरू होते. पुढचा भाग नंतरच्या हातांनी जोडला आहे. दंडीच्या स्वतःच्या शब्दांत तो मुलगा विदर्भात परतलेला नाही.