हमीवर उभी राहिलेली गुंतवणूक : ओपिक आणि दाभोळ

परदेशात भांडवल गुंतवणाऱ्या आपल्या उद्योगांना सरकारने हमी देण्याची आधुनिक प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रुजली. मार्शल योजनेला आधार देणाऱ्या 1948 च्या कायद्याने युरोपात उतरणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना एक मर्यादित आश्वासन दिले होते, ते असे की तेथील चलनात झालेली कमाई डॉलरमध्ये बदलून मिळाली नाही, तर ती अमेरिकेचे सरकार बदलून देईल. पुढच्या दशकभरात मालमत्ता सरकारजमा होण्याचा आणि युद्धात नष्ट होण्याचा धोकाही या हमीत आला, आणि युरोप सावरल्यावर तिचा रोख विकसनशील देशांकडे वळला. या व्यवहाराला राजकीय जोखमीचा विमा म्हणतात. माल खपला नाही किंवा हिशेब चुकला, तर तो भरपाई देत नाही, मात्र यजमान देशाच्या राज्यसत्तेच्या कृतीने नुकसान झाल्यास देतो.

हे काम स्वतंत्रपणे पाहण्यासाठी ओव्हरसीज प्रायव्हेट इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच ओपिक, ही सरकारी संस्था 1971 मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी चिलीमध्ये आयेंदे सरकारने अमेरिकी कंपन्यांच्या तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केल्यामुळे तिच्यापुढे मोठमोठे दावे येऊन ठेपले. तथापि या विम्याची खरी ताकद भरपाईच्या रकमेत नव्हती, तर त्यामागच्या द्विपक्षीय करारांत होती. ज्या देशाशी असा करार झाला असेल तेथेच ओपिक विमा उतरवी, आणि करारान्वये भरपाई दिल्यावर कंपनीचे सारे हक्क अमेरिकेच्या सरकारकडे जात, त्यामुळे एका खाजगी कंपनीची थकबाकी दोन सार्वभौम राष्ट्रांमधील मागणी बनत असे. भारताने असा पहिला करार 1957 मध्ये आणि त्याहून व्यापक करार 1997 मध्ये केला.

या यंत्रणेचे पूर्ण रूप महाराष्ट्राने पाहिले ते दाभोळ वीज प्रकल्पात. प्रकल्पाला नाव दाभोळचे मिळाले असले, तरी दाभोळ गाव वाशिष्ठी खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे, तर वीजकेंद्र उभे राहिले ते दक्षिणेकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल, रानवी आणि वेलदूर या गावांच्या परिसरात. जून 1992 मध्ये एन्रॉन ही अमेरिकी कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. 1993 मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नसल्याचे सांगून अर्थसाह्य नाकारले, तरीही डिसेंबरमध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. प्रकल्पात एन्रॉनचा वाटा 80 टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी 10 टक्के. जागतिक बँकेने जेथे हात आखडता घेतला, तेथे अमेरिकेच्या एक्झिम बँकेने आणि ओपिकने तो पुढे केला. ओपिकने 10 कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि त्याखेरीज गुंतवणुकीचा विमाही उतरवला.

करारातील दराची रचना नीट पाहण्याजोगी आहे. वीजकेंद्र ठरलेल्या क्षमतेने वीज देण्यास सज्ज असले की मंडळ वीज उचलो वा न उचलो, स्थिर आकार द्यावाच लागे, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला असल्यामुळे रुपयाच्या घसरणीचा भारही मंडळावरच पडे. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्यानेही थकवले तर केंद्र सरकारची प्रतिहमी अशी रचना होती. भारतीय बाजूच्या या दोन हमींच्या वर अमेरिकी सरकारचे पाठबळ असलेला विमा होता. इतके थर असताना ही वीज राज्याला परवडेल का, हा प्रश्न कसून विचारण्याचे कारणच गुंतवणूकदारापाशी उरले नव्हते, आणि दाभोळच्या अपयशाचे मूळ येथे आहे.

ऑगस्ट 1995 मध्ये राज्यातील युती सरकारने प्रकल्प रद्द केला, फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा स्वीकारला, आणि मे 1999 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. दरम्यान जमीन आणि मासेमारी यांच्या चिंतेने विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसी कारवाई झाली. जून 1997 मध्ये वेलदूर या मच्छीमारांच्या गावात तर पहाटे घरांत शिरून स्त्रियांना अटक झाली. मंडळाला 2001 च्या सुरुवातीस बिले भागवणे अशक्य झाले, केंद्राच्या प्रतिहमीची मागणी झाली, मंडळाने मे महिन्यात करार रद्द ठरवला आणि वीजकेंद्र बंद पडले. डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मात्र ओपिककडे दावा केला. सप्टेंबर 2003 मध्ये अमेरिकेतील लवादाने निर्णय दिला, की मंडळ, राज्य आणि केंद्र यांच्या कृतींमुळे, विशेषतः ठरलेल्या आंतरराष्ट्रीय लवादाची वाट अडवल्यामुळे, कंपन्यांची गुंतवणूक हिरावली गेली, आणि ओपिकने भरपाई दिली. दराविषयीचा एक व्यापारी वाद अशा रीतीने राजकीय जोखमीच्या व्याख्येत बसवला गेला. 2004 मध्ये अमेरिकेने 1997 च्या कराराचा आधार घेऊन भारताविरुद्ध लवादाची मागणी केली. 2005 मध्ये परकीय भागधारक, सावकार आणि ओपिक यांची देणी भारतीय बाजूने तडजोडीने मिटवली गेली, आणि वीजकेंद्र एनटीपीसी व गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे आले. म्हणजे विम्याने नुकसान फक्त पुढे सरकवले. ते अखेर भारताच्या सार्वजनिक पैशावर येऊन पडले.

ओपिकची जागा 2019 च्या अखेरीस, तेव्हा 6,000 कोटी डॉलरची मर्यादा असलेल्या नव्या संस्थेने घेतली. भारताचीही एक अशी संस्था आहे. 1957 मध्ये स्थापन झालेले, मुंबईत मुख्यालय असलेले निर्यात पत हमी महामंडळ, म्हणजे ईसीजीसी, भारतीय कंपन्यांच्या परदेशातील गुंतवणुकीचा विमा उतरवते. आफ्रिकेत किंवा शेजारी देशांत एखाद्या भारतीय प्रकल्पाला असे संरक्षण देताना, तेथील वीज किंवा पाणी घेणाऱ्या लोकांना त्याचा दर परवडेल की नाही याची तपासणी पॉलिसीवर सही होण्यापूर्वी झाली पाहिजे आणि ती जाहीर झाली पाहिजे.