आभासी यंत्राचा गृहप्रवेश

एकाच संगणकावर एकाच वेळी दोन ऑपरेटिंग सिस्टीम चालविणे हा आज घरगुती व्यवहार झाला आहे. लिनक्स वापरणारा मनुष्य पडद्यावरील एका चौकटीत विंडोज उघडतो, आपले काम उरकतो आणि चौकट मिटतो. ही सोय वैयक्तिक संगणकाच्या युगाने निर्माण केली, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो इतिहासाला धरून नाही. आभासी यंत्राची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. मग तिला घराचा उंबरठा ओलांडावयास तीस वर्षांहून अधिक काळ का लागावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न होय.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात आहे. १९६४ च्या अखेरीस तेथे रॉबर्ट क्रीसी प्रभृतींनी सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले. यंत्र महाग आणि वापरणारे अनेक, ही त्यांची अडचण होती. प्रत्येकास स्वतंत्र संगणक मिळाल्याचा आभास निर्माण करावा, हा त्यांनी योजिलेला उपाय. १९६७ च्या जानेवारीत ही प्रणाली चालू झाली. तिच्यात एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे नांदू शकत. १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ही पद्धत आयबीएमच्या सर्व ग्राहकांपुढे आली.

तिची तात्त्विक मीमांसा १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी केली. यंत्राच्या स्थितीशी निगडित अशी प्रत्येक संवेदनशील आज्ञा अतिथी प्रणालीने देताच नियंत्रकाच्या हाती सापडली पाहिजे, हे त्यांच्या सिद्धान्ताचे सार. घरोघरी पोचलेल्या इंटेल प्रोसेसरची रचना नेमकी या कसोटीस उतरत नव्हती. उदाहरणार्थ, ‘पॉपएफ’ ही आज्ञा कनिष्ठ अधिकाराच्या पातळीवरून दिल्यास व्यत्ययासंबंधीचे चिन्ह बदलत नाही आणि तशी सूचनाही देत नाही. नियंत्रकाला त्याचा पत्ताच लागत नाही. पेंटियमच्या २००० मधील एका विश्लेषणात अशा १७ आज्ञा आढळल्या. विलंबाचे एक प्रमुख कारण या मौनात आहे.

त्यावर तोड निघाली ती अनुवादाची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डिस्को’ या १९९७ च्या संशोधनातून पुढे आलेल्या मंडळींनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापिली व १९९९ मध्ये ‘वर्कस्टेशन’ बाजारात आणले. अतिथी प्रणालीच्या गाभ्यातील आज्ञा चालता चालता निर्धोक आज्ञांत रूपांतरित करावयाच्या आणि सामान्य आज्ञा थेट प्रोसेसरकडे सोपवावयाच्या, अशी ही योजना. २००५ मध्ये इंटेलने व २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच आवश्यक साहाय्य दिले. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले, त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती उपलब्ध झाली, आणि गृहप्रवेश पूर्ण झाला.

मराठीच्या अभ्यासकास या इतिहासाशी कर्तव्य आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, विशेषतः १९९० नंतरच्या दशकात, संगणकावर जुळविलेला विपुल मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी संकेतांत साठविला गेला. तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. तो मजकूर मूळ रूपात वाचावयाचा तर त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम, सॉफ्टवेअर व फाँट ही तिन्ही एकत्र हवीत. विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ मध्ये संपली. तरीही, जाळ्याशी संबंध तोडून, ती आभासी यंत्रात सुरक्षितपणे चालविता येते.

मात्र आभासी यंत्र हे केवळ पात्र होय. त्यात घालावयाची मूळ सॉफ्टवेअरची प्रत, फाँट आणि परवान्याचे यांत्रिक कुलूप असल्यास तेही, कोणी तरी जपून ठेवलेले असावे लागते. हस्तलिखिताबरोबर त्याची लिपी जाणणाराही टिकावा लागतो, हे मोडीच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. कालच्या संगणकीय मजकुराचीही स्थिती तीच आहे. म्हणून जुन्या फाइलींबरोबर त्या उघडणारी साधनेही जतन करणे, हे ग्रंथालये व भाषाविभाग यांचे कर्तव्य ठरते.