बोंडातली निवड

परळी वैजनाथ म्हटलं की आधी ज्योतिर्लिंग आठवतं, नाहीतर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. पण तालुक्याच्या काळ्या रानात दर खरिपाला कापूसही उभा असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत परळीच्या बीड जिल्ह्यातच नव्हे, सगळ्या मराठवाड्याच्या कापसात नैसर्गिक निवडीचा जो खेळ झाला, त्याच्यासमोर डार्विनच्या बेटावरचे पक्षीही संथ वाटावेत.

या खेळातला नायक म्हणा की खलनायक, ती गुलाबी बोंडअळी. 1843 साली सॉण्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं भडोचकडून आलेल्या नमुन्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन केलं. शेतकऱ्याला ती सहजासहजी दिसत नाही. फुलाच्या पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबकळीसारख्या चिकटून राहिल्या की तो म्हणतो, डोमकळी झाली. बोंडात शिरताना अळी सुईच्या टोकाएवढी असते. तिचं छिद्र बुजून जातं आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. फोडलं तर आत डागाळलेली रुई आणि पोखरलेली सरकी. वेचणीला त्याची कवडी, म्हणजे नीट न फुललेला डागी कापूस, हाती येते.

नव्वदच्या दशकात मात्र शेतकऱ्याची झोप उडवली होती तिच्या हिरव्या चुलतबहिणीनं, अमेरिकन बोंडअळीनं. कितीही फवारा, ती दाद देईना. अशा वेळी मार्च 2002 मध्ये जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना केंद्राची मंजुरी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं. त्यामुळे झाड स्वतःच विषारी प्रथिन तयार करतं. ते अळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागी चिकटतं आणि अळी मरते. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बोलगार्ड-2 आलं. पाहता पाहता देशातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटी झालं.

गावात म्हणतात, अळीला औषधाची सवय लागली. तसं होत नाही. एखाद्या अळीच्या जनुकात आधीच बारीकसा बदल असतो, प्रथिन चिकटायची जागाच बिघडलेली असते. एरवी तिला त्याचा उपयोग शून्य. पण आजूबाजूच्या सगळ्या मेल्या, की अख्खं रान तिच्या लेकरांचं. वर्षाला चार-सहा पिढ्या होणाऱ्या किड्याला हे जमायला युगं लागत नाहीत.

यावर तोड होती. बीटीच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायच्या. तिथं वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले, की त्यांची बहुतेक पिलं पुन्हा बीटीवर मरतात. म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम साधं बी मिळायचं. ते बहुतेकांनी बांधावर टाकून दिलं. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं अळीसाठी पीक का राखावं, याचं पटेल असं उत्तर कुणी त्याला दिलं नाही.

पण सगळं खापर त्याच्या माथी फोडणं अन्याय्य आहे. भारतात बीटी आलं ते जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतून, आणि ती सहा महिने, कधी त्याहून जास्त रानात उभी राहतात. त्यावर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक न काढता पुढं राखणं: पाणी असेल तर मार्चपर्यंत. गुलाबी अळीचं पोट प्रामुख्यानं कापसावरच, म्हणजे तिची पंगत उठतच नव्हती. उरलेल्या अळ्या सरकीत आणि घराशेजारी रचलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांत, सुप्तावस्थेत पडून राहत.

2010 मध्ये हे बीटी तंत्रज्ञान पुरवणाऱ्या मोन्सॅन्टोनं गुजरातच्या अमरेलीसह काही जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार आढळल्याचं मान्य केलं. पुढं दुसरंही निकामी ठरलं. 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडं सडली, उभ्या कापसात नांगर घातले गेले आणि हिवाळी अधिवेशनात सरकारला मदत जाहीर करावी लागली.

हीच अळी अमेरिकेतही होती. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे वर्षानुवर्षं राखले, नंतर विमानांतून वंध्य पतंग सोडले गेले, आणि 2018 मध्ये तिथल्या कापसातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

इकडे आता साधं बी पाकिटात मिसळूनच येतं, त्यामुळे ते फेकता येत नाही. पूर्वहंगामी लागवड टाळण्यासाठी बियाणं 1 जूनआधी विकू नये, असा दंडक राज्यानं मध्यंतरी काही हंगाम घातला होता. मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच फवारा, असं कृषी विभाग सांगतो. डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाटीचा भुगा करा, हा सल्लाही जुनाच. पण कापसाचा भाव चढला, की फरदडीचा मोह सुटत नाही.