चाळीस फुटी आरव्ही घेऊन निघालात, पण ती उभी कुठे करणार?

अमेरिकेत सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानं पाहायला निघण्याची पद्धत जुनी आहे. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. स्वयंपाकघर, पलंग, शौचालय सगळं गाडीतच. भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा पर्याय सोयीचा वाटतो. पण गाडी जितकी मोठी, तितकी रात्री मुक्कामाची जागा मिळणं कठीण. त्यामुळे बुकिंग करताना 'जागा शिल्लक आहे का?' याआधी 'आपली गाडी तिथे मावेल का?' हे विचारावं लागतं.

जागा कमी का पडते?

राष्ट्रीय उद्यानांमधली अनेक कॅम्पग्राउंड्स १९३० ते १९६० च्या दशकांत बांधली गेली. तेव्हा लोक तंबू किंवा लहान ट्रेलर घेऊन यायचे. आज सर्वांत मोठ्या म्हणजे 'क्लास ए' आरव्ही ४० फूट किंवा त्याहून लांब असू शकतात. म्हणजे साधारण एसटी बसएवढी गाडी. जुन्या कॅम्पग्राउंडमधली अरुंद वळणं आणि दोन्ही बाजूंची झाडं अशा गाडीसाठी नव्हतीच.

कोणत्या उद्यानात किती मर्यादा?

ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवरच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. त्याच भागातल्या 'ट्रेलर व्हिलेज'मध्ये मात्र ५० फुटांपर्यंतच्या गाड्या राहू शकतात. योसेमिटी व्हॅलीतल्या अपर पाइन्समध्ये आरव्हीसाठी ३५ आणि ट्रेलरसाठी २४ फुटांची मर्यादा आहे. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंड्समध्ये वीज-पाण्याची जोडणीही नाही.

यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या फक्त 'फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क'मध्ये मिळतात. तो भाग अस्वलांचा असल्याने तिथे तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतींचीच गाडी लागते.

लांबी कशी मोजायची?

गोंधळ होतो तो इथेच. जाहिरातीतला आकडा पुरेसा नाही. पुढचा-मागचा बंपर, मागे लावलेला सायकलचा स्टँड हे सगळं धरून टेपने मोजावं. आरव्हीच्या मागे कार ओढत नेणार असाल किंवा ट्रेलर असेल, तर मर्यादा एकत्रित लांबीला आहे की फक्त आरव्हीला, हे त्या जागेच्या माहितीत वाचावं. मर्यादा प्रत्येक जागेनुसार बदलू शकते. बाजूला सरकून बाहेर येणाऱ्या खोल्या असतील, तर रुंदीही पाहावी.

बुकिंग करताना काय पाहायचं?

सरकारी कॅम्पग्राउंड्सचं बुकिंग बहुतांशी 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या संकेतस्थळावर होतं. तिथे गाडीची लांबी टाकून जागा गाळता येतात. ट्रेलर व्हिलेज आणि फिशिंग ब्रिजचं बुकिंग मात्र उद्यानात सेवा चालवणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांकडे होतं. त्यामुळे सरकारी संकेतस्थळावर जागा दिसली नाही, म्हणजे उद्यानात जागाच नाही, असं नसतं.

'पुल-थ्रू' जागेत गाडी एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. 'बॅक-इन' जागेत रिव्हर्स घ्यावा लागतो. पहिल्यांदाच मोठी गाडी चालवणाऱ्याने पुल-थ्रू शोधावी.

मोठ्या आरव्हीत दोन एसी असतील, तर सहसा ५० अँपियरची वीजजोडणी लागते. ३० अँपियरवर सुमारे ३,६०० वॅट मिळतात, ५० अँपियरवर १२,००० वॅटपर्यंत. फरक तिपटीहून जास्त आहे.

जागा मिळाली, पण रस्ता?

ग्लेशियर उद्यानातल्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यात २१ फुटांहून लांब गाडीला बंदी आहे. झायनमधल्या १९३० साली खुल्या झालेल्या बोगद्यातही मोठ्या गाड्यांवर निर्बंध आहेत. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे गाडीची उंची विचारात घेत नाहीत. म्हणून आरव्हीसाठीचं वेगळं नेव्हिगेशन वापरावं आणि गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवावी.

काहीच मिळालं नाही तर?

उद्यानाबाहेरच्या गावांमध्ये खासगी आरव्ही पार्क असतात. १९६२ मध्ये मोंटाना राज्यात सुरू झालेली 'केओए' ही त्यातली मोठी साखळी. मोठी गाडी तिथे उभी करून कारने उद्यानात जाता येतं. ग्रँड कॅनियन, झायन आणि योसेमिटी व्हॅलीत मोफत शटल बसही असते. गाडी अजून ठरवली नसेल, तर आधी मुक्काम पाहावेत आणि मग गाडीची लांबी ठरवावी. अंधार पडल्यावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, ४० फुटी आरव्ही वळवायची वेळ मग येत नाही.