दाल्मेशियाचा किनारा : प्रवासाचा एक बेत

प्रवासाचा बेत आखताना मनुष्य प्रथम दिवस मोजतो, मग स्थळे मोजतो आणि अखेर स्थळांना दिवसांनी भागतो. भागाकार बरोबर येतो; प्रवास मात्र फसतो. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व तीरावरील दाल्मेशियाचा किनारा पाहावयाचा असेल, तर हे गणित बाजूस ठेवून आधी एक प्रश्न मनाशी धरावा : रोम, व्हेनिस, तुर्क आणि फ्रेंच अशा बलाढ्य सत्ता ज्यावरून गेल्या, त्या किनाऱ्यावर टिकले ते काय, आणि कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे पहिले उत्तर स्प्लिट येथे मिळते. रोमन सम्राट डायोक्लीशियन याने ३०५ साली आपण होऊन राज्यत्याग केला आणि जन्मप्रांती समुद्रकाठी बांधविलेल्या प्रचंड वाड्यात उरलेले आयुष्य काढले. जवळच सलोना ही प्रांताची भरभराटलेली राजधानी होती. सातव्या शतकाच्या आरंभी आव्हार व स्लाव्ह टोळ्यांनी ती उद्ध्वस्त केली, तेव्हा निराधार झालेल्या नगरवासीयांनी सम्राटाच्या ओसाड वाड्याचा आश्रय घेतला. त्यांनी दालनांत बिऱ्हाडे थाटली, कमानी बुजवून भिंती केल्या आणि जुपिटरच्या मंदिरात बाप्तिस्म्याचे कुंड बसविले. ज्या सम्राटाने ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला, त्याच्याच समाधीचे पुढे ख्रिस्ती देवालय झाले आणि ते त्या छळात प्राणास मुकलेल्या डोम्नियस या धर्माध्यक्षाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. दैवाने उगविलेला असा सूड इतिहासात विरळाच! परंतु प्रवाशाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सलोना ओस पडली, म्हणून आज तिचे भग्नावशेषच दिसतात. वाड्यात माणसे राहिली, म्हणून वाडा उभा राहिला.

स्प्लिटहून सुमारे दोन तासांच्या जलप्रवासाने ह्वार बेटावरील स्टारी ग्राद हे गाव गाठता येते. इ. स. पूर्वी ३८४ साली पारोस बेटावरील ग्रीकांनी येथे वसाहत केली आणि गावालगतच्या सपाट जमिनीचे चौकोनी वाटे पाडून मध्ये दगडी बांध घातले. ते वाटे आजही ओळखू येतात; त्यांत द्राक्षे व ऑलिव्ह पिकतात. येथे भव्य असे काही नाही, म्हणून घाईचा प्रवासी पाठ फिरवितो. वस्तुतः कोणत्याही राजाज्ञेपेक्षा शेतकऱ्याचा बांध अधिक चिवट असतो, हे शिकावयास याहून चांगली शाळा क्वचितच सापडेल.

तेथून कोर्चुला बेटावरून पेल्येशाट्स द्वीपकल्पावर उतरावे, स्टोनची मिठागरे व डोंगरावर चढत गेलेला तट पाहावा आणि मग दुब्रोव्निकला जावे. रगुझा या जुन्या नावाने प्रसिद्ध असलेले हे चिमुकले प्रजासत्ताक १३५८ साली व्हेनिसच्या ताब्यातून सुटले आणि पुढे साडेचारशे वर्षे आपला कारभार आपण पाहत राहिले. तट भक्कम होते खरे. पण तटांहून भक्कम होते ते व्यवहारज्ञान. तुर्की सुलतानास दरसाल खंडणी भरावयाची, ती पुढे १२,५०० सुवर्णमुद्रांवर गेली, आणि तिच्या मोबदल्यात त्याच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवावयाची, हे त्यांचे धोरण. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांस महिनाभर बाहेर थांबविण्याचा नियम त्यांनी १३७७ सालीच केला. नगराध्यक्षाची मुदत एका महिन्याची, म्हणजे कोणास अधिकाराची चटक लागावयास नको. मात्र हे स्वातंत्र्य मूठभर सरदार घराण्यांचे होते. सामान्य प्रजेस राज्यकारभारात वाटा नव्हता, हेही विसरता कामा नये.

व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीस भिडू नये, म्हणून या मुत्सद्द्यांनी १६९९ सालच्या तहाच्या वेळी दोन्ही टोकांच्या जमिनीच्या पट्ट्या तुर्कांच्या हवाली केल्या. त्यांपैकी नेउमची पट्टी आज बोस्निया-हर्झगोव्हिनाचे समुद्रावरील एकमेव दार आहे. त्यामुळे किनाऱ्याच्या रस्त्याने स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाणाऱ्यास देशातल्या देशात दोनदा सरहद्द ओलांडावी लागे. २०२२ साली पेल्येशाट्सचा पूल खुला झाला, तेव्हा ही अडचण सरली. तीनशे वर्षांपूर्वीच्या सावधगिरीची किंमत पुढील पिढ्यांनी अशी चुकती केली!

सुलतानाशी सौदा करणाऱ्या या नगरास नेपोलियनशी मात्र सौदा साधला नाही. १८०६ साली फ्रेंच सैन्य आत आले आणि १८०८ साली प्रजासत्ताक बरखास्त झाले. पुढे युगोस्लाव्हिया फुटत असताना, ६ डिसेंबर १९९१ रोजी, जुन्या नगरावर तोफांचा भडिमार झाला. छपरे पुन्हा शाकारली गेली, दगड पुन्हा बसविले गेले.

आजचे संकट निराळे आहे, आणि त्यात आपणही सामील आहोत. उन्हाळ्यात पाहुण्यांची इतकी दाटी होते की रहिवासी जुनी घरे त्यांना भाड्याने देऊन तटाबाहेर राहावयास जातात. वस्तीमुळे जे वाचले, त्यातून वस्तीच उठू लागली, तर उरेल तो सुबक देखावा. आणि देखाव्याची सलोना व्हावयास शत्रूची जरुरी नसते. म्हणून बेत आखताना जुलै-ऑगस्ट टाळून मे किंवा सप्टेंबर महिना निवडावा, दहा गावांऐवजी तीन घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी चार दिवस राहावे. सकाळी बाजारात भाजी घेणारी म्हातारी दिसली, म्हणजे समजावे की डायोक्लीशियनचा वाडा अजून शाबूत आहे.